आयोडीन-१२५ आणि आयोडीन-१३१: कुपी मागवण्यापासून कचरा जाईपर्यंत, क्रमाने

"सर, लेबलवर १८५ लिहिलं होतं, म्हणून १८५ धरलं." हे वाक्य मी पुण्यात दर वर्षी ऐकतो, आणि बहुतेक वेळा गणपतीनंतर. (१८५ म्हणजे १८५ मेगाबेक्वेरेल, कुपीतल्या किरणोत्साराचं, म्हणजे सक्रियतेचं, माप.) किरणोत्सारी आयोडीनची कुपी सुट्टीच्या आधी येते, शिशाच्या भांड्यात घालून कपाटात ठेवली जाते. विसर्जन आटोपून दहा दिवसांनी मुलं परत येतात आणि लेबलवरच्याच आकड्यावर प्रयोग मांडतात. आयोडीन-१३१ असेल तर तोवर कुपीत ४२ टक्केच उरलेलं असतं. काउंट, म्हणजे यंत्राने टिपलेली विघटनं, कमी येतात, दोष पिपेटला दिला जातो, अँटिबॉडी बदलली जाते, सगळं पुन्हा मांडलं जातं. एका मुलीचे असे तीन आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. तिची पिपेट बरोबर होती, अँटिबॉडीही बरोबर होती. लेबलवरची तारखेची ओळ कुणी वाचलीच नव्हती.

रेडिओइम्युनोअसे म्हणजे आरआयए (अँटिबॉडी आणि किरणोत्सारी लेबल वापरून नमुन्यातला पदार्थ मोजण्याची चाचणी) करणारे, प्रथिनांना आयोडीनचं लेबल लावणारे, पेशींमध्ये आयोडीन किती शिरतं ते मोजणारे, अशा सगळ्यांसाठी हा क्रम लिहिला आहे. तुमच्या जागेला अणुऊर्जा नियामक परिषदेची, म्हणजे एईआरबीची, परवानगी आहे आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ, नेमलेला आहे हे गृहीत धरलं आहे. ते नसेल तर पुढचं काहीच करायचं नाही. लेखातलं काही तुमच्या परवान्यातल्या अटींपेक्षा वेगळं वाटलं, तर अटी पाळा.

टप्पा १: आपल्या हातात कोणतं आयोडीन आहे ते ओळखा

मिठातलं, टिंक्चरमधलं, बीटाडीनमधलं आयोडीन म्हणजे आयोडीन-१२७. ते स्थिर आहे, त्याचा क्षय होत नाही. प्रयोगशाळेत येतात ती त्याची किरणोत्सारी भावंडं. त्यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एकाची सवय दुसऱ्याला लावली की घोटाळा होतो.

आयोडीन-१२५ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, ५९.४ दिवस. त्याचं केंद्रक आपल्याच कक्षेतला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि टेल्युरिअम-१२५ बनतं. बाहेर पडतात २७ ते ३५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे मवाळ क्ष-किरण आणि गॅमा. बीटा कण नाहीत. शिशाचा ०.०२ मिलिमीटर पापुद्रासुद्धा हे किरण निम्मे करतो.

आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८.०२ दिवस. ते बीटा कण फेकून झेनॉन-१३१ बनतं आणि सोबत ३६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा दमदार गॅमा येतो. तो निम्मा करायला साधारण ३ मिलिमीटर शिसं लागतं.

आयोडीन-१२३ चं अर्धायुष्य १३.२ तास. ते मुख्यतः स्कॅनसाठी वापरतात, त्यामुळे इथे त्याचा उल्लेख जाता जाताच येईल.

सावधान: आयोडीन-१२५ साठी घालतो तो अर्ध्या मिलिमीटर शिशाचा ॲप्रन आयोडीन-१३१ समोर नावापुरताच असतो. तिथे शिशाच्या विटा लागतात, अंतर राखावं लागतं आणि हात चटपट चालवावा लागतो.

टप्पा २: कुपी मागवण्याआधीची तयारी

मागणीपत्र पाठवण्याआधी एक पूर्ण सराव साध्या पोटॅशिअम आयोडाइडवर करा. तीच ट्रे, तेच हातमोजे, तीच पिपेट आणि मांडणीसुद्धा तीच. या कोऱ्या सरावात ज्याचा हात दोनदा अडखळला, त्याला त्या आठवड्यात खरी कुपी देऊ नका. आयोडीनच्या कामातले बहुतेक अपघात झाकण कुठे ठेवायचं हे न ठरवल्यामुळे होतात.

मांडून ठेवायच्या गोष्टी:

- फ्यूम हूड. हवा आत ओढली जाते आहे ना, हे टिश्यूची पट्टी दाराशी धरून पाहा. पट्टी आत झुकली पाहिजे.
- कड असलेला स्टीलचा ट्रे, त्यात प्लास्टिकचं अस्तर असलेला टिपकागद, कागदाची शोषणारी बाजू वर.
- सोडिअम थायोसल्फेटचं ताजं द्रावण. आयोडीन सांडलं तर हेच लागणार आहे. ते डोळ्यांसमोर ठेवा, कपाटात नको.
- हातमोज्यांचे दोन थर. आयोडीन हळूहळू रबरातून आत जातं, म्हणून वरचा थर कामाच्या मधेच बदलायचा असतो.
- सोडिअम आयोडाइडच्या पातळ स्फटिकाचा सिंटिलेशन मॉनिटर.

शेवटच्या वस्तूवर जरा थांबतो. बऱ्याच प्रयोगशाळांत एकच जीएम, म्हणजे गायगर-म्युलर नळीचा, मॉनिटर असतो आणि सगळ्यांचा त्यावर भरवसा असतो. आयोडीन-१२५ च्या मवाळ किरणांपुढे तो जवळजवळ आंधळा आहे. एकदा एका विद्यार्थ्याने जीएम फिरवून ओटा 'स्वच्छ' म्हणून सही केली. मी तिथेच सिंटिलेशन प्रोब आणला आणि पिपेटच्या स्टँडपाशी नेताच त्याची टिकटिक एकदम दाटली. स्टँडच्या खाचेत वाळलेला एक थेंब होता, मोहरीएवढाही नाही. आयोडीन-१३१ साठी जीएम चालतो, १२५ साठी त्याच्यावर विसंबू नका.

पडताळा: ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा तशी शक्यता आहे, त्यांनी आरएसओला आधी सांगितलं आहे का? आयोडीन वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतं, आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची थायरॉइड ते साठवू लागते. हे विचारण्यात संकोच नको. आणि जिने सांगितलं, तिला कामातून वगळल्याची टोचणी लागणार नाही, असं वातावरण ठेवणं वरिष्ठांच्या हातात असतं.

टप्पा ३: पार्सल ताब्यात घेणं

भारतात किरणोत्सारी आयोडीनचा मोठा पुरवठा वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून होतो. वाशी ते पुणे अंतर फार नाही, पण पावसाळ्यात घाट तुंबला की सकाळचं पार्सल संध्याकाळी येतं, आणि तेव्हा लॅबमध्ये फक्त वॉचमन असतो. पार्सल कोण घेणार, कुठे ठेवणार, हे नावानिशी ठरवून ठेवा. जिन्याखाली किंवा रिसेप्शनच्या टेबलावर ते रात्रभर पडता कामा नये.

हातमोजे घालूनच उघडा. आधी खोक्याच्या बाहेरून मॉनिटर फिरवा, मग शिशाच्या भांड्याचा पुसणी-नमुना घ्या: ओलसर फिल्टर पेपरने साधारण १०० चौरस सेंटिमीटर भाग पुसायचा आणि तो कागद गॅमा काउंटरमध्ये मोजायचा. आतल्या कुपीचा नमुना वेगळा. कुपी गळलेली निघाली तर तिथेच थांबा, हूडमध्ये ठेवा, आरएसओला बोलवा.

सावधान: साठा, म्हणजे कुपीतलं किरणोत्सारी सोडिअम आयोडाइडचं द्रावण, गोठवू नका. द्रावण गोठताना आयोडीन वायुरूपात सुटतं आणि कुपी उघडताना थेट नाकाशी येतं. 'जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित' ही एन्झाइमच्या कामातली सवय इथे उलटी पडते.

टप्पा ४: तारीख वाचा, मग हिशेब करा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच.

लेबलवरचा आकडा एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट वेळेला खरा असतो. त्याला कॅलिब्रेशन तारीख किंवा संदर्भ तारीख म्हणतात. पाठवल्याची तारीख वेगळी, पार्सल मिळाल्याची वेगळी, वापराची शेवटची तारीख वेगळी. लेबलवर चारही असू शकतात. वहीत पहिल्या ओळीवर संदर्भ तारीख आणि वेळ उतरवा, खाली रेघ मारा.

सूत्र एवढंच:

उरलेली सक्रियता = लेबलवरची सक्रियता × ०.५ चा घात (गेलेला वेळ ÷ अर्धायुष्य)

उदाहरण घेऊ. आयोडीन-१३१, लेबलवर १८५ मेगाबेक्वेरेल, म्हणजे ५ मिलिक्युरी, संदर्भ १ सप्टेंबर दुपारी १२. तुम्ही वापरताय ५ सप्टेंबरला दुपारी ४ वाजता. गेलेला वेळ ४ दिवस ४ तास, म्हणजे ४.१७ दिवस. भागिले ८.०२ म्हणजे ०.५२. ०.५ चा ०.५२ वा घात ०.६९८. उरले १२९ मेगाबेक्वेरेल.

आता समजा द्रावण १ मिलिलिटर आहे आणि प्रयोगाला ३.७ मेगाबेक्वेरेल हवेत. लेबलच्या आकड्यावर गेलात तर २० मायक्रोलिटर घ्याल. खरे लागतात २८.७. म्हणजे तुमच्या नळीत हवं त्याच्या सत्तर टक्केच पडलं.

नेहमी होणाऱ्या चुका, मी पाहिल्या त्या क्रमाने:

*सरळ रेषेत वजाबाकी.* 'आठ दिवसांत निम्मं, म्हणजे चार दिवसांत पाव गेलं, सोळा दिवसांत संपलं.' चार दिवसांत पाव नाही, २९ टक्के जातं. आणि सोळा दिवसांनी संपलेलं नसतं, चतुर्थांश उरलेलं असतं. दररोज जे शिल्लक आहे त्याच्यातले ८.३ टक्के जातात. आयोडीन-१२५ मध्ये हाच दर १.२ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून १२५ वाल्यांना आठवड्याची बेफिकिरी खपते आणि १३१ वर आले की फटका बसतो.

*दिवस आणि महिना यांची अदलाबदल.* परदेशी कुपीवर ०५/०९ म्हणजे ५ सप्टेंबर की ९ मे? एक्सेल तुमच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे निमूटपणे काहीतरी धरून घेतो. महिना अक्षरात लिहायचा.

*वेळेचा पट्टा.* अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची दुपारचे १२ ही वेळ हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा असते. हा साडेदहा तासांचा फरक आयोडीन-१३१ मध्ये पावणेचार टक्क्यांची चूक घालतो. आयोडीन-१२३ मध्ये तेवढ्या वेळात ४२ टक्के उडालेलं असतं.

*संदर्भ तारीख पुढची असणं.* कुपी बुधवारी आली आणि लेबलवर संदर्भ शुक्रवारचा आहे, हे अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी बुधवारी कुपीत लेबलपेक्षा जास्त सक्रियता असते. १८५ च्या कुपीत दोन दिवस आधी २२० मेगाबेक्वेरेल असतात. तुमच्या परवान्यात बाळगण्याची मर्यादा २०० असेल, तर ती कुपी घेतली त्या क्षणी तुम्ही मर्यादा ओलांडली. गेलेला वेळ इथे ऋण धरायचा, सूत्र तेच.

पडताळा: तुमच्या तक्त्यात गेलेल्या वेळेच्या जागी मुद्दाम ८.०२ टाका. उत्तर बरोबर निम्मं आलं नाही, तर तक्ता चुकला आहे.

टप्पा ५: कुपी उघडणं आणि काम

साठ्याचं द्रावण मुद्दाम अल्कधर्मी ठेवलेलं असतं. आम्लात आयोडाइडचं ऑक्सिडीकरण सोपं होतं, आयोडीन वायू बनून उडतं आणि श्वासावाटे थेट थायरॉइड गाठतं. म्हणून आम्ल, ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड या गोष्टी आयोडीनच्या ट्रेजवळ नकोत.

१. कुपी हूडमध्येच, शिशाच्या भांड्यात ठेवूनच उघडा.
२. रबरी बूच असेल तर आधी ॲक्टिव्हेटेड चारकोल भरलेल्या सिरिंजची सुई टोचून आतली वाफ चारकोलमधून सोडा, मग दुसऱ्या सुईने द्रावण काढा.
३. चेहरा काचेबाहेर, हात आत. कुपीच्या तोंडावरून वाकून पाहायचं नाही.
४. काढलं की लगेच झाकण. 'पुन्हा लागेल' म्हणून उघडी ठेवायची नाही.
५. वरचे हातमोजे हूडमध्येच उतरवा.

वीज गेली आणि हूडचा पंखा थांबला, तर पाहत उभं राहायचं नाही. झाकण लावा, हूडचं दार खाली ओढा, बाहेर या. पंखा परत सुरू झाल्यावर पाच मिनिटांनीच हात घाला.

प्रथिनाला लेबल लावत असाल तर क्रम असा: बफर (पीएच ७ ते ७.५), मग प्रथिन, मग आयोडाइड, आणि सगळ्यात शेवटी ऑक्सिडीकारक. क्लोरामाइन-टी वापरत असाल तर मिनिटभराच्या आत मेटाबायसल्फाइट घालून क्रिया थांबवा आणि मिश्रण सेफाडेक्स जी-२५ च्या कॉलमवर चढवा, तो लेबल लागलेलं प्रथिन मोकळ्या आयोडीनपासून वेगळं करतो. जास्त वेळ ठेवलं तर लेबल वाढत नाही, प्रथिन मात्र खराब होतं. प्रथिनाच्या बफरमध्ये डीटीटी (डायथायोथ्रेटॉल, एक क्षपणकारक) राहून गेलं असेल तर आयोडीन टायरोसिनला चिकटणारच नाही, कारण डीटीटी ते आधीच खाऊन टाकतं. कॉलम आधी बीएसएने (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) धुऊन घ्या, नाहीतर मायक्रोग्रॅममध्ये असलेलं तुमचं प्रथिन कॉलमलाच चिकटून बसतं.

टप्पा ६: आकडा बरोबर असला तरी ट्रेसर तपासा

ट्रेसर म्हणजे आयोडीनचं लेबल लावलेलं प्रथिन. हिशेब शिकलेले लोकही इथे फसतात. आयोडीन-१२५ चा एक अणू क्षय पावतो तेव्हा इलेक्ट्रॉनांचा मोठा लोंढा बाहेर पडतो आणि तो अणू ज्या रेणूला जोडलेला होता तोच फुटतो. शेजारच्या रेणूंनाही किरणांची झळ लागते, त्यांचं आयोडीन सुटून द्रावणात मोकळं फिरू लागतं. हे मोकळं आयोडीनही काउंटरला तितक्याच जोमाने दिसतं. म्हणजे हिशेबाने ६० टक्के उरलेला ट्रेसर अँटिबॉडीला त्याहून कमी चिकटतो.

तपासणी सोपी आहे. ट्रेसरचा अगदी छोटा अंश बीएसएच्या द्रावणात मिसळा, १० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, याने प्रथिन खाली बसतं) घाला, सेंट्रिफ्यूज करा, गोळा आणि वरचं पाणी वेगवेगळं मोजा. एकूण काउंटपैकी गोळ्यात ९५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर मी तो ट्रेसर वापरत नाही, कुणी कितीही घाईत असो. टीसीए आम्ल आहे, म्हणून हे हूडमध्येच आणि काही हजार काउंटांपुरत्या मात्रेतच.

टप्पा ७: मोजणी

आयोडीन-१२५ मोजताना काउंटरची खिडकी १५ ते ७५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवा. ३० च्या आसपासचं एकच शिखर धरून खिडकी अरुंद करण्याचा मोह होतो. पण १२५ चा एकच अणू बरेचदा दोन फोटॉन जवळजवळ एका क्षणी सोडतो. विहिरीसारख्या स्फटिकात दोन्ही एकत्र पकडले जातात आणि ६० च्या आसपास दुसरं शिखर दिसतं. ती अशुद्धता नसते, तुमचेच काउंट असतात.

काउंटर ठीक आहे का, हे रोज पाहायला आयोडीन-१२९ चा सीलबंद प्रमाण स्रोत ठेवतात. त्याची ऊर्जा १२५ च्या जवळची आणि अर्धायुष्य सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षं. त्याचा आकडा बदलला तर यंत्र बदललं आहे, एवढं निःसंशय कळतं.

नळ्या एकाच प्रकारच्या घ्या. १२५ चे मवाळ किरण काचेत अडकतात, प्लास्टिकमधून बरेच निसटतात, त्यामुळे अर्ध्या नळ्या काचेच्या आणि अर्ध्या प्लास्टिकच्या घेतल्या तर आलेख वेडावाकडा येणारच. प्रत्येक नळीतलं आकारमानही सारखं हवं.

काउंटवरून खरी सक्रियता काढायची तर कार्यक्षमतेने भागा. मिनिटाला ५०,००० काउंट आणि कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर मिनिटाला ६६,६६७ विघटनं, म्हणजे सेकंदाला १,१११, म्हणजेच ०.०३ मायक्रोक्युरी. भागण्याआधी रिकाम्या नळीचा पार्श्वभूमी काउंट वजा करायला विसरू नका. आणि अचूकता हवी असेल तर थांबा: १०,००० काउंट जमले की सांख्यिकी चूक १ टक्का, १०० वर १० टक्के.

मग आरआयएमध्ये रोज क्षयाचा हिशेब करायचा का? एका बॅचच्या आत नाही. प्रमाण नळ्या, नमुने, एकूण काउंटच्या नळ्या, सगळ्यांत तोच ट्रेसर असतो आणि सगळे सारखेच क्षय पावतात. टक्केवारी काढली की क्षय आपोआप कटतो. मात्र कालच्या प्रमाण वक्रावर आजचे नमुने वाचायचे नाहीत.

टप्पा ८: आपली आणि ओट्याची तपासणी

काम संपल्यावर हात, बाह्या, बुटांचे तळवे, पिपेट, फ्रिजचं हँडल आणि दाराची कडी. फोन आत नेलेला असेल तर फोनही, जरी तो नेता कामा नये. ओट्याचे पुसणी-नमुने घ्या आणि आकडे वहीत लिहा, नुसतं 'ठीक' लिहू नका.

साठ्याच्या द्रावणावर काम केलं असेल तर दुसऱ्या दिवशी मानेवर प्रोब धरून थायरॉइड मोजून घ्या. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही, म्हणून कामापूर्वी एकदा मोजून ठेवा. पोटॅशिअम आयोडाइडच्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. तो निर्णय आरएसओ आणि डॉक्टरांचा.

सांडलं तर: लोकांना सावध करा, टिपकागद टाका, थायोसल्फेट ओता, कडेकडून मध्याकडे पुसा, कागद पिशवीत बांधा, मोजा, पुन्हा पुसा. ब्लीच नाही. त्वचेवर उडालं तर कोमट पाणी आणि साबण, खरखरीत घासणं नाही.

टप्पा ९: कचरा

१३१ आणि १२५ चा कचरा वेगवेगळ्या डब्यांत. १३१ ला दहा अर्धायुष्यं म्हणजे ८० दिवस लागतात, १२५ ला ५९४, म्हणजे जवळपास वीस महिने. १३१ च्या पिशवीत १२५ ची एक नळी पडली की अख्खी पिशवी वीस महिन्यांची पाहुणी होते, आणि आपल्याकडे जागेची चणचण किती असते हे सांगायला नको.

प्रत्येक पिशवीवर समस्थानिक, अंदाजे सक्रियता, बंद केल्याची तारीख. पावसाळ्यात पेनाची शाई लेबलवरून पसरते, म्हणून मार्करने लिहून वर पारदर्शक टेप लावा. द्रव कचऱ्यात थोडं थायोसल्फेट घालून तो अल्कधर्मी ठेवा, आणि निचरा परवान्यातल्या मर्यादेतच.

दहा अर्धायुष्यांनंतर १,०२४ वा भाग उरतो. सुरुवात ३७ मेगाबेक्वेरेलने झाली असेल तर ते अजून ३६ किलोबेक्वेरेल असतात, मॉनिटरला स्पष्ट दिसतील इतके. म्हणून कॅलेंडर बघून पिशवी बाहेर काढू नका. तिला मोकळ्या, कमी पार्श्वभूमीच्या जागी न्या, प्रोब पृष्ठभागाला लावा आणि वाचन पार्श्वभूमीएवढं आलं तरच वहीत तारीख टाकून सही करा. मग तीन पाकळ्यांचं किरणोत्साराचं चिन्ह असलेलं प्रत्येक लेबल ओरबाडून काढा किंवा काळ्या मार्करने पूर्ण झाका, नळ्यांवरचीसुद्धा. त्यानंतरच पिशवी जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीला द्या.